लाल रेघ असेपर्यंत

११ एप्रिल १९८९ रोजी मी शिओमी ताएको यांना दहा हजार आठशे येन रोख दिले. टीव्हीवरच्या कार्टून मालिकेच्या एका भागाच्या ध्वनिमुद्रणाचे पंधरा हजार, त्यातून आमच्या संस्थेचं कमिशन आणि सरकारचा कर वजा. नवख्या कलाकाराला भागामागे तेवढेच मिळत, मग तो भागभर बडबडो की एकदा 'हो' म्हणून घरी जावो. बाईंनी नोटा मोजल्या, पावतीवर आपला शिक्का उमटवला, त्याची लाल शाई फुंकून वाळवली आणि वाकून नमस्कार केला. एवढ्या वेळात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. हिच्या आवाजावर वर्षभर देशातली पोरं जीव टाकणार आहेत असं मला कोणी त्या दिवशी सांगितलं असतं, तर मी त्याला पाणी प्यायला दिलं असतं.

योयोगीत, रेल्वेरुळांच्या मागच्या गल्लीत, नूडल्सच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला आमची संस्था आहे. आवाजाची कामं करणारे कलाकार आम्ही स्टुडिओंना पुरवतो. कॉमर्सच्या शाळेतून बाहेर पडलो तो मी इथेच आलो आणि हिशेबाच्या टेबलाशी बसलो. पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होईन. एवढ्या वर्षांत पुष्कळ आवाज या जिन्याने वर आले. काही मोठे झाले, बरेचसे जिन्याने खाली गेले. शिओमीबाई यांतल्या कुठल्याच खात्यात नीट बसत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहितो आहे.

त्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. उत्तरेच्या हाचिनोहे बंदरातल्या. वडील रात्री दिवे लावून माकूळ पकडायला जाणारे कोळी. बाई पहाटे एका टोफूवाल्याकडे कामाला जात आणि दुपारी आमच्याकडे येत. चालताना पाऊल वाजत नसे. कपडे नेहमी सुती, कारण माइकसमोर दुसरं कापड सळसळतं. कोणाचं काही उसनं ठेवायच्या नाहीत. फोनसाठी माझ्याकडून दहा येनचं नाणं घेतलं, तर दुसऱ्या दिवशी ते टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलेलं असे.

आमच्या मालकीण मिनेगिशीबाई एके काळी रेडिओवर राण्या आणि कजाग सासवा करत. त्यांना या निवडीचं कोडं सुटत नव्हतं.

"कुनिएदा, मालिकेतल्या त्या वात्रट पोरीचं काम हिला कसं रे मिळालं?" त्या मला म्हणाल्या. "हिच्यापेक्षा आपला जिना जास्त बोलतो. तो निदान कुरकुरतो तरी."

"दिग्दर्शकांनीच निवडली."

"कुसाकाने? त्याला एका कानाने कमी ऐकू येतं, ते तुला माहीत नाही वाटतं."

'पोलादी किनारा' ही मालिका आठवत असलेले लोक आता माझ्यासारखे केस पिकलेले आहेत. समुद्रातून शत्रू वर येतो आणि किनाऱ्यावर पाच मजली उंचीचे रोबो त्याला अडवतात. रोबोच्या छातीत बसून त्याला चालवणारा एकेक चालक. बाकीचे चालक दात आवळून लढाईला जात. किबि मात्र जत्रेला निघाल्यासारखी जाई. वय सोळा. सेनापतीच्या खुर्चीवर आंबट बोरांच्या बिया ठेवणार, स्वतःच्या रोबोला रंगाने मिशा काढणार, शत्रू समोर उभा असताना त्याला "जेवलास का?" असं विचारणार. रोबोचं नाव दाइकोकु. ती त्याला आजोबा म्हणायची.

हे 'आजोबा' संहितेत नव्हतं.

पहिल्या भागाच्या दिवशी मी कराराचे कागद घेऊन स्टुडिओत गेलो होतो आणि काचेपलीकडे उभा होतो. आत तीन माइक. ज्याचं वाक्य आलं तो पुढे येतो, बोलतो, पावलाचा आवाज न करता मागे सरकतो. हातातल्या संहितेचं पान उलटतानाही आवाज होता कामा नये. नवखी म्हणून शिओमीबाईंची जागा दाराजवळ, म्हणजे ज्येष्ठांसाठी ते जड दार उघडायचं कामही त्यांचंच. संहितेत लिहिलं होतं, 'किबि यंत्र सुरू करते.' वाक्य नव्हतं. पडद्यावर मात्र किबिच्या नावची लाल रेघ उमटली.

ही रेघ म्हणजे आमच्या धंद्याची रोजची अडचण. चित्रं वेळेवर कधीच पुरी होत नाहीत. मग पेन्सिलीच्या कच्च्या चित्रांवर आवाज घ्यावा लागतो, आणि कोणाचं तोंड कधी उघडतं ते कळावं म्हणून पात्रागणिक रंगीत रेघ मारलेली असते. आपली रेघ दिसली की बोलायचं. रेघ गेली की गप्प. नवख्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात : रेघ असेपर्यंत तुझं पात्र जिवंत आहे, त्याला मुकं ठेवू नकोस.

शिओमीबाईंनी संहितेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं आणि म्हणाल्या, "आजोबा, उठा. ऊन डोक्यावर आलं."

आतले सगळे हसले. काचेअलीकडे दिग्दर्शक कुसाका-सान बटण दाबून गुरगुरले, "कोण बोललं?"

"मी बोलले. चुकलं."

"संहितेत आहे?"

"नाही."

"मग?"

"रेघ होती." त्या म्हणाल्या. "आणि थंडीत यंत्र तसं सुरू होत नाही. आमचे बाबा बोटीच्या इंजिनाला दोनदा टकटक करतात आणि म्हणतात, म्हातारबा, उठा. नाही म्हटलं तर ते नुसतं खोकत बसतं."

कुसाका-साननी पुन्हा बटण दाबलं. मग म्हणाले, "पुन्हा घे. टकटक राहू दे. आणि तुम्ही सगळे, दात काढू नका. नाट्यशाळेत वर्षं घालवलीत, आणि ही एका इंजिनावर शिकली."

मालिका सुरू झाली. पाचव्या-सहाव्या भागानंतर असेल, संस्थेत फोन आला. पलीकडे वाऱ्याचा आवाज आणि त्यावर ओरडणारा एक माणूस.

"माझी ताएको तुमच्याकडेच ना?"

"हो. निरोप आहे का?"

"निरोप कसला! माझ्या इंजिनाशी बोलायची माझी वाक्यं ती टीव्हीवर विकते आहे. बंदरातली पोरं मला बघून टकटक करतात. माझा हिस्सा कुठाय ते विचारा तिला!"

मी तो निरोप जसाच्या तसा दिला. शिओमीबाईंच्या तोंडाचा एक कोपरा जरासा हलला. त्या काळात मी त्यांना हसताना पाहिलं असं म्हणायचं तर ते एवढंच.

मार्चमध्ये किबि मेली. मालिकेचा शेवट जवळ आला होता आणि तिचं मरण आधीच ठरलेलं होतं. शत्रू जिथून वर येतो ते भगदाड दाइकोकु समुद्रात उभा राहून अडवतो, बाकीचे परत फिरतात. त्या आठवड्यात चित्रांचा इतका बोजवारा उडाला होता की कच्ची चित्रंसुद्धा आली नाहीत. पडद्यावर नुसता कोरा कागद आणि त्यावर रेघा. पात्र मेलं की कलाकाराला फुलं द्यायची आमची रीत आहे, म्हणून मी फुलांचं बिल घेऊन गेलो होतो. गुच्छ माझ्या पायाशी बादलीत होता.

शेवटची लाल रेघ आली. किबिचं वाक्य होतं, "आजोबा, आता आपण दोघंच." बाईंनी ते म्हटलं. रेघ जायला हवी होती. गेली नाही.

त्यांनी संहितेकडे पाहिलं. पुढे काही नव्हतं. कोऱ्या कागदावर लाल रेघ तशीच उभी. काचेअलीकडे सगळ्यांना कळलं की कोणीतरी रेघ पुसायला विसरलंय, पण आत बाईंना ते कळायला वाट नव्हती. त्यांना शिकवलेलं एवढंच होतं की रेघ आहे, म्हणजे किबि जिवंत आहे. आणि मग त्या हसल्या. आधी नाकातून, अगदी बारीक, शाळेत मागच्या बाकावर दाबून धरलेलं हसू असतं तसं. मग ते सुटलं. मध्येच श्वास अडखळला, पुन्हा सुटलं. ते मोठं होत असतानाच रेघ गेली आणि त्या गप्प झाल्या.

 एक सहायक पांढराफटक पडून धावत आला आणि कमरेत वाकला. "माझी चूक. रेघ पुसायची राहिली. पुन्हा घेऊ, लगेच घेऊ."

कुसाका-सान त्याच्याकडे न बघता म्हणाले, "पुन्हा नाही. चित्रं वाढवा. तिला हसताना काढा."

टाळ्या झाल्या, फुलं दिली गेली. बाई सगळ्यांना वाकून नमस्कार करून बाहेर पडल्या. आमच्या इमारतीखाली त्यांनी गरम नूडल्स खाल्ले, शेजारच्या स्टुलावर गुच्छ ठेवून. मी समोर बसलो होतो.

"ते हसणं कुठून आणलंत?" मी विचारलं.

"मला नाही माहीत, कुनिएदा-सान. रेघ जात नव्हती." थोड्या वेळाने म्हणाल्या, "खूप भीती वाटली होती."

तो भाग दाखवला त्या रविवारी देशभर पोरं रडली. आयांनी पत्रं लिहिली, काही रागाची होती. ते हसणं पुढे सगळीकडे गेलं, आणि शिओमीबाई मात्र जिथल्या तिथे राहिल्या. त्यांना पुन्हा तसं काम मिळालं नाही. गर्दीतले आवाज, शेजारीण, तिसरी परिचारिका. बसमध्ये पुढचा थांबा सांगणारा आवाज काही वर्षं त्यांचा होता, एका दुकानाच्या लिफ्टमध्येही होता. टोफूवाल्याकडचं काम त्यांनी सोडलं नाही. वडील गेले, बोट विकली गेली, त्यांनी आईला इकडे आणलं आणि शेवटपर्यंत सांभाळलं. मेळाव्यांना बोलावलं तर जायच्या. लोक म्हणायचे, "एकदा ते हसून दाखवा ना." त्या मान हलवायच्या.

"किबि गेली," त्या सांगायच्या. "गेलेल्या माणसाला हसायला कसं सांगू?"

मिनेगिशीबाई यावरून चिडायच्या. "अगं, एकदा हसलीस तर काय झिजशील? लोक त्यावर घरं बांधतात."

"मला येत नाही, मिनेगिशी-सान. त्या दिवशीही येत नव्हतं."

मग 'पोलादी किनारा'चा नव्याने चित्रपट करायचं ठरलं. नवी कंपनी, दिग्दर्शक त्सुकुदा-सान, पस्तिशीचे. लहानपणी किबिसाठी रडलेल्यांपैकीच एक. त्यांनी जुन्या कलाकारांना सन्मानाने बोलावलं. शिओमीबाई एक्कावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांनी हो म्हटलं. त्या जुने भाग पुन्हा पुन्हा बघू लागल्या; कामाची इतकी तयारी करताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. पण त्यांचा आवाज गेले काही महिने बसलेला होता. सर्दी म्हणत म्हणत त्या डॉक्टरांकडे गेल्या, तेव्हा घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल आणि थांबता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. चित्रपटाची संहिता तेव्हा लिहूनही झाली नव्हती.

शस्त्रक्रियेनंतर त्या जिना चढून आल्या, गळ्याला निळा रुमाल. श्वास आता गळ्याला पाडलेल्या छिद्रातून चालत होता. हातात मुलांची असते तशी पुसायची पाटी. माझं लक्ष नाही असं पाहून त्यांनी माझ्या टेबलावर दोनदा टकटक केलं. मी दचकलो. इतक्या वर्षांत बाईंनी केलेली ही पहिली थट्टा.

चित्रपट कंपनीचं म्हणणं मिनेगिशीबाईंनी त्यांच्यासमोर ठेवलं. किबिचं काम उराबे हिसानो ही नव्या पिढीतली मुलगी करील. शेवटचं हसणं मात्र जुन्या ध्वनिफितीतून घेऊन बसवता येईल. बाईंनी परवानगीची सही करायची. मोबदला चांगला होता.

"कर सही," मिनेगिशीबाई म्हणाल्या. त्या आता ऐंशीच्या घरात होत्या आणि आवाज तेवढाच कजाग. "औषधपाण्याला होतील. आणि तुझंच हसणं आहे, कोणी परकं नाही."

बाईंनी लिहिलं, 'त्या दिवशीचं आहे ते. शिळं वाढायचं नाही.'

"शिळं? लोक ते ऐकायलाच तिकीट काढतील!"

बाईंनी पुसलं आणि पुन्हा लिहिलं, 'नव्या किबिला नवं मरण हवं. जिवंत माणसाकडून.'

मिनेगिशीबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. शेवटी कंपनीशी तडजोड झाली. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी हिसानोला ते हसणं जमलं आणि शिओमीबाईंनी मान्य केलं, तर तिचंच ठेवायचं. नाही जमलं तर बाईंनी त्याच दिवशी सही द्यायची. बाईंनी हात पुढे करून ते कबूल केलं. सहीचे कागद माझ्या पिशवीत होते. पाटीवरचं वाचून दाखवायला कोणी हवं म्हणून मलाच बरोबर जायचं होतं.

त्या सकाळी आम्ही वाटेत एका मिठाईच्या दुकानात थांबलो. ज्येष्ठ कलाकार जाणार म्हणजे सगळ्यांसाठी काहीतरी नेलं पाहिजे. बाईंनी लाल घेवड्याचं सारण भरलेले तांदळाचे लाडू बांधून घेतले आणि पाकीट उघडलं, तर दोनशे साठ येन कमी पडले. त्या पाकीट उलटं करून बघत राहिल्या. मी नाणी पुढे ठेवली. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'पुढच्या वेळी.'

हिसानो चोवीस वर्षांची, सरळ बांध्याची, घामेजलेल्या तळहातांची मुलगी. तिने दारातच कमरेत वाकून नमस्कार केला.

"शिओमी-सान, मी ते हसणं रोज ऐकलंय. झोपताना ऐकते. आई म्हणते, घरात भूत शिरलंय. तुम्हाला त्रास होणार नाही असंच करीन."

बाईंनी लिहिलं आणि मी माझ्या कोरड्या हिशेबी आवाजात वाचलं, "त्रास झालाच पाहिजे. आधी काही खा, पोट गुरगुरेल."

हिसानो गोंधळली, मग तिने एक लाडू तोंडात कोंबला.

चित्रं या वेळी पूर्ण होती. रंगीत, देखणी, एकेक केस हलणारा. किबि रोबोच्या छातीत बसलेली, तोंडावर समुद्राचा प्रकाश. तिचं तोंड कधी उघडतं, कधी मिटतं, सगळं ठरलेलं. हिसानोने वाक्य म्हटलं आणि हसली. नाकातून, बारीक, मग सुटलेलं, मध्ये श्वास अडखळलेला. माझ्या अंगावर काटा आला. तेच हसणं होतं, एकाही श्वासाचा फरक नव्हता.

त्सुकुदा-सानचे डोळे ओले झाले. "हुबेहूब," ते म्हणाले. "शिओमी-सान?"

बाईंनी मान हलवली. नाही.

दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं. प्रत्येक वेळी हुबेहूब, आणि प्रत्येक वेळी बाईंची मान नाही म्हणाली. आत हिसानोचा चेहरा उतरत गेला.

"मी कुठे चुकते आहे ते तरी सांगा," ती माइकमधून म्हणाली.  "नाहीतर जुनंच घ्या. ते चांगलंच आहे. मी रागावणार नाही."

बाईंनी पाटीवर लिहिलं. मी वाचलं, "ते माझं आहे. तुझं कुठाय?"

"माझं हसणं वाईट आहे. शाळेत सगळे नावं ठेवायचे."

 त्सुकुदा-सान हळूच मला म्हणाले, "कुनिएदा-सान, कागद आणलेत ना?" मी पिशवीवर हात ठेवला. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी पाटी पुसली, पण मला दिली नाही. ध्वनियंत्रावर बसलेल्या तंत्रज्ञासमोर धरली. त्याने ती वाचली आणि बाईंकडे पाहिलं.

"चित्र बंद करू? कोरं ठेवू?"

बाईंनी मान डोलावली आणि खालची ओळ दाखवली. तंत्रज्ञ आमच्याकडे वळून म्हणाला, "पडद्यावर लाल रेघ हवी म्हणतात. यांचा हात वर असेपर्यंत."

त्सुकुदा-साननी पाटी स्वतः वाचली. "एकदा करू," ते म्हणाले.

हिसानोला आत एवढंच सांगितलं की रेघेवर घेऊ. पडदा पांढरा झाला. काचेअलीकडे बाईंनी उजवा हात वर केला, शाळेत उत्तर येणारी मुलगी करते तसा. पडद्यावर लाल रेघ आली.

"आजोबा, आता आपण दोघंच," हिसानो म्हणाली. मग हसली, तेच पाठ केलेलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते संपलं. रेघ गेली नाही.

तिने संहितेकडे पाहिलं. पान उलटलं. नवखी नव्हती, तरी या वेळी पानाचा आवाज झाला. पुढचं पान कोरं होतं. तिने पडद्याकडे पाहिलं. रेघ होती. बाईंचा हात खाली झुकू लागला. शस्त्रक्रियेपासून तो खांद्यापर्यंतही नीट जात नसे, हे मला ठाऊक होतं. त्यांनी डाव्या हाताने त्याला आधार दिला आणि तो वरच ठेवला.

आत शांतता इतकी लांबली की तंत्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मग हिसानोने बोटाच्या पेराने संहितेवर टकटक केलं. एकदाच. दुसऱ्यांदा हात उचलला आणि थांबली.

"आजोबा?" ती म्हणाली. खूप खालच्या आवाजात. "झोपलात? झोपा. मी आहे जागी."

आणि तिला हसू आलं. ते जाडंभरडं होतं, घशातून येणारं, शेवटी घोरल्यासारखं. शाळेत नावं ठेवतील असंच. त्यात रडू होतं का, मला सांगता येणार नाही. ते आपोआप ओसरत गेलं, आणि पार ओसरल्यावर बाईंनी हात खाली घेतला. रेघ गेली.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलत होते. निळ्या रुमालाखालून नुसती हवा येत-जात होती. त्या हसत होत्या.

"तोंड जुळणार नाही," त्सुकुदा-सान म्हणाले. "चित्र संपून पुढे एवढा वेळ आवाज आहे. नव्याने काढायला पैसे नाहीत, दिवसही नाहीत."

बाईंनी लिहिलं. मी वाचलं, "तिला दाखवूच नका. आजोबांना दाखवा."

त्यांनी तसंच केलं. चित्रपटात त्या ठिकाणी किबि दिसत नाही. रोबोचा डोळ्याचा दिवा दिसतो, त्यावर आपटणाऱ्या लाटा दिसतात, आणि तिचं हसणं ऐकू येतं. दिवा विझतो तेव्हाही ते थोडंसं उरलेलं असतं. जुन्या चाहत्यांपैकी काहींनी नाकं मुरडली. मूळचं हसणं असताना हे घोरणं कशाला, असं लिहिलं. परवानगीचे कागद मी सहीशिवाय परत पाठवले होते, त्यामुळे तो मोबदलाही आला नाही.

बाई, हिसानो आणि मी साध्या दुपारच्या खेळाला गेलो. बाहेर आल्यावर हिसानोने विचारलं, "खरं सांगा हं, शिओमी-सान. कोणती किबि बरी?"

बाईंनी पाटी पुसली. मग त्यांनी लिहिलं, 'माझी घाबरली होती. तुझी नाही.'

त्यानंतर दोन हिवाळे त्या येत राहिल्या. आमच्याकडे काम काहीच नसे. जिना चढून येत, माझ्या टेबलावर दोनदा टकटक करत. मी मान वर न करता म्हणे, "दोनशे साठ." त्या पाटीवर लिहीत, 'पुढच्या वेळी,' आणि त्यांचे खांदे हलत. दहा येनचं नाणं ज्यांनी कधी एका रात्रीपेक्षा जास्त ठेवलं नाही त्या बाई. पाकीट हातात असायचं. एकदा तर त्यांनी नाणी काढून टेबलावर रांगेत मांडली, मला मोजू दिली आणि एकेक करून परत पाकिटात टाकली. मिनेगिशीबाई आतून ओरडल्या, "कुनिएदा, हिला या वयात वाया घालवलंस तू!"

दुसऱ्या हिवाळ्यात गाठ परत आली, आणि फेब्रुवारीत त्या गेल्या. फुलं आणायला मीच गेलो होतो. हिसानोने शवपेटीत फुलं ठेवली आणि फळीजवळ हात नेला, बोट वाकवून. मग तो तसाच मागे घेतला. ती टकटक उठवण्यासाठी होती.

पुढच्या मार्चमध्ये मी माझं टेबल रिकामं करून नव्या माणसाच्या हाती देईन. येणी-देणी जुळवून ठेवली आहेत. शिओमी ताएको यांच्याकडून दोनशे साठ येन येणे बाकी आहेत.